तराफ्यापर्यंतचे दोन पाढे

ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी ताईचा फोन आला. खरं तर फोन मी करायचा असतो. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिच्याकडे संध्याकाळची दिवाबत्ती झाल्यावर, मी फोन लावायचा आणि तिने पहिल्याच घंटीला उचलायचा, हे आम्हा बहिणींचं वीस वर्षांचं ठरलेलं आहे. तिने आपणहून लावला म्हणजे माझं काहीतरी चुकलं होतं.

"काय गं, हायेस ना?"

"आहे की. जरा धावपळ होती, ताई."

"दोन महिने? कसली एवढी धावपळ? तुमच्याकडं तर भांडी बी मशीनच घासतं."

"मशीनमध्ये लावायला माणूस लागतं ना."

"मग लाव की. फोन कानाला धरून भांडी लावता येत न्हाईत व्हय? मी भाकरी थापते."

उन्हाळ्यात जे जे झालं ते फोनवर मावणारं नव्हतं. शिवाय त्यातली एक गोष्ट मी तिच्यापासून मुद्दाम लपवून ठेवली होती. म्हणून आता लिहूनच काढते आहे. ताई सातवीपर्यंत शिकली आहे. चष्मा लावून, बोट ठेवत, सावकाश वाचेल, आणि मग रविवारी मला बोलायचं ते बोलेल.

इथे व्हिटबीत, बर्फाच्या या देशात, उन्हाळा येतो तो घाईघाईतच. गाडीचे बर्फातले विंटर टायर काढले, घरामागच्या लाकडी डेकवरच्या खुर्च्या धुतल्या, की दुसऱ्या दिवसापासून आपण मागे पडलो आहोत असं वाटायला लागतं. जे काही बाहेर उघड्यावर करायचं ते चार महिन्यांत उरकायचं, म्हणून इथली माणसं उन्हाळाभर एखाद्या लग्नघरासारखी पळत असतात. आम्हीही त्यांच्यासारखेच झालो आहोत.

यंदा मेथी दोनदा पेरली. पहिली सशांनी खाल्ली. बी टाकून दहा दिवस झाले होते, कोवळी पानं वर आली होती, आणि सकाळी बघते तर वाफा झाडून काढल्यासारखा स्वच्छ. दुसऱ्या खेपेला जाळी लावली. दोडक्याचा वेल मात्र असा माजला की कुंपण ओलांडून शेजारच्या आजोबांकडे गेला. मी माफी मागायला गेले, तर ते म्हणाले, असू दे, फुलं छान आहेत. मग त्यांना चार दोडके दिले. कसे करायचे ते सांगायला मी विसरले. दोन दिवसांनी भेटले तेव्हा म्हणाले, "व्हेरी इंटरेस्टिंग." त्यांनी सालासकट, कच्चेच, सॅलडमध्ये चिरून खाल्ले होते.

जूनमध्ये शेतावर जाऊन स्ट्रॉबेरी तोडल्या आणि त्यांचा मुरांबा केला. आंब्याच्या मुरांब्याच्या प्रमाणाने साखर घातली, तो इतका गोड झाला की अजून फ्रीजमध्ये तीन बाटल्या आहेत. नवऱ्याने शनिवारच्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये एक धाव चोरायला जाऊन मांडीचा स्नायू दुखावून घेतला. मग तो तीन आठवडे डेकवर पाय लांब करून बसला आणि बार्बेक्यूवर वांगी भाजत राहिला. घरात वांगं भाजलं की धुराचा अलार्म वाजतो, म्हणून वर्षाचं सगळं भरीत आम्ही उन्हाळ्यातच खाऊन घेतो.

मुलीची बारावी संपली. ती मॉलजवळच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागली. घट्ट आइस्क्रीम खरवडून खरवडून तिचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला आहे असं ती सगळ्यांना दाखवत होती. सप्टेंबरमध्ये ती हॅमिल्टनला युनिव्हर्सिटीत जाणार होती, तिथेच राहायला. ट्रॅफिक नसेल तर इथून दीड तास. ट्रॅफिक नसतो असं मी अजून पाहिलेलं नाही.

आता लपवलेली गोष्ट.

दर ऑगस्टमध्ये एक आठवडा आम्ही उत्तरेला, एका तळ्याकाठी कॉटेज भाड्याने घेतो. दर वर्षी तेच. तिथल्या स्वयंपाकघरात चहाची गाळणी नसते हे माहीत असल्यामुळे ती आम्ही घरून नेतो. कॉटेजसमोर पाण्यात शिरलेला लाकडी धक्का, म्हणजे डॉक आहे, आणि डॉकपासून थोडं लांब, पाण्यात, एक तराफा नांगरून ठेवलेला आहे. पोहत तिथवर जायचं आणि उन्हात पडायचं, एवढाच त्याचा उपयोग. मुलगी नऊ वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा तिथे गेली ती बाबाच्या गळ्याला धरून. मग लाइफ जॅकेट घालून. मग एकटी. आणि दर वेळी तिथे पोचली की ओरडायची, "आई, कम!" मी डॉकवर टॉवेल घेऊन उभी असायचे. हात हलवायचे. मला पोहता येत नव्हतं.

मार्चमध्ये तिचं हॅमिल्टनच्या प्रवेशाचं पत्र आलं. आम्ही पेढे आणले, भारतात फोन केले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना गाडीत माझ्या एकदम लक्षात आलं की गेली दोन-तीन वर्षं तराफ्यावरून हाक आलेली नाही. ती कधी थांबली ते मला आठवेना. शेवटची हाक ही शेवटची आहे हे आपल्याला कळत नाही. मी पार्किंगमध्ये गाडी लावून तशीच बसून राहिले आणि ठरवलं, ही जायच्या आत एकदा तिच्याबरोबर त्या तराफ्यापर्यंत जायचं. कुणाच्या गळ्याला न धरता, जॅकेट न घालता, स्वतःच्या हातापायांनी. या ऑगस्टमध्ये झालं तर झालं. पुढच्या वर्षी तिला उन्हाळ्यात कुठे नोकरी असेल, कोण सोबत असेल, कुणाला माहीत.

गावाकडे आमच्या बरोबरीचे मुलगे विहिरीत पोहायला शिकले. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचं, एवढीच त्यांची शाळा. मुली काठावर त्यांचे कपडे सांभाळायच्या. मी फार वाकून बघायला लागले की ताई माझा दंड धरून मागे ओढायची. एकदा मी तिला विचारलं, "आपण कधी?" ती म्हणाली, "आपल्यापर्यंत डबा यायचा न्हाई." दोघी खूप हसलो होतो. आता वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो तंग पोशाख घालून मी पाण्यात उतरते आहे हे तिला कसं सांगावं मला कळेना. मी फक्त म्हटलं, शनिवारी क्लास असतो.

"आता आणि कसला क्लास? किती शिकशील?"

"हा शेवटचाच."

"इंजिनियर झालीस तवा बी असंच म्हणाली होतीस."

नवरा म्हणाला, मी शिकवतो की. तो पुण्यात वाढलेला, लहानपणापासून पोहणारा. पण मला गाडी चालवायला त्यानेच शिकवलं होतं आणि त्या दोन महिन्यांत आमचं लग्न टिकतं की नाही अशी वेळ आली होती. मी टाउनच्या स्विमिंग पूलमध्ये प्रौढांच्या वर्गात नाव घातलं.

शिकवणारी मुलगी एकोणीस वर्षांची. माझ्या मुलीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी, पण शिकवणारी ती, म्हणून माझ्या मनात तिचं नाव 'बाई' असंच पडलं. ती आली की मी बाकावरून उठून उभी राहायचे. पहिल्या दिवशी तिला वाटलं मला वॉशरूमला जायचं आहे. तिने बोट दाखवून वाट सांगितली.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक घोटाळा झाला. पूलच्या पाण्याने केस खराब होतात असं ऐकलं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मी डोक्याला खोबरेल तेल चांगलं थापलं. आमच्याकडे नदीवर जाताना सुद्धा तेल लावूनच जातात. तिथे आधी शॉवर घ्यायचा असतो, तो मी घेतला, पण मुठीने लावलेलं तेल शॉवरला कुठे दाद देतं? टोपीतून ओघळ सुटले. मी डोकं पाण्यात घातलं आणि वर काढलं तेव्हा माझ्याभोवती पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग पसरले होते. बाई वाकून बघत होत्या.

"डिड यू पुट समथिंग इन युअर हेअर?" अगदी हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने.

मी म्हटलं, "जस्ट ऑइल." तिने मान हलवली, मला पुन्हा शॉवरला पाठवलं, आणि मी परत येईपर्यंत एका जाळीने पाण्यावरचं तेल काढून टाकलं होतं. एका शब्दाने लाजवलं नाही. मी मनात म्हटलं, ही खरी शिक्षिका आहे.

मी दोनशे पानी वही आणली. मला माहीत आहे, पोहणं वहीत शिकता येत नाही. पण आमच्या घरात मी पहिली शिकलेली. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची. मला जे काही आलं ते लिहून लिहून आणि पाठ करून आलं, दुसरी रीत मला ठाऊकच नाही. दर शनिवारी घरी आल्यावर मी लिहायचे: श्वास तोंडाने घ्यायचा, पाण्यात नाकाने सोडायचा. गुडघ्यातून नाही, मांडीतून पाय मारायचे. मुलीला वही सापडली. तिने पानं उलटली.

"आई, यू मेड अ डायग्राम ऑफ अ किक?"

"कोन चुकत होता."

"ओ माय गॉड," ती म्हणाली, आणि फोनवर त्याचा फोटो काढून घेतला.

वहीने पाय सुधारले, पण श्वास काही जमेना. तोंड पाण्यात गेलं की छाती घाबरी व्हायची आणि मी दोन हात मारून उभी राहायचे. चार शनिवार गेले, पाचवा गेला. माझ्याबरोबरचे सगळे पूलची अख्खी लांबी ओलांडायला लागले होते. सहाव्या शनिवारी काठाला धरून उभी असताना बाई म्हणाल्या, तुझं मन भीतीचा विचार करतं, त्याला दुसरं काहीतरी काम दे. एखादं गाणं म्हण मनात.

गाण्यात मी रमते, म्हणजे हात थांबतात. मग मला पाढे आठवले. शाळा सुटायच्या आधी गुरुजी आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करून पाढे म्हणवून घ्यायचे, एका सुरात, पुढेमागे हलत. तो सूर माझ्या अंगात अजून आहे. ऑफिसात मोठा हिशेब करताना सुद्धा मी आत तो सूर ऐकते. मी तोंड पाण्यात घातलं आणि म्हटलं, बे एके बे. श्वास घेतला. बे दुणे चार. श्वास. बेचा पाढा फार लवकर संपला. मग मी सतराचा धरला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. आकडे लांब, पाण्यात राहायला वेळ भरपूर. आणि सतरा दाही एकशे सत्तर म्हणत हात पुढे टाकला तर हाताला भिंत लागली.

पंचवीस मीटर. मी भिंतीला धरून रडत होते आणि गॉगलमध्ये पाणी गेलं म्हणून सांगत होते. बाई टाळ्या वाजवत होत्या.

त्यानंतर मी पाढ्यांवर पोहले. एका ओळीला एक श्वास, एका पाढ्याला एक लांबी. जुलै संपेपर्यंत सतरा जाताना आणि अठरा येताना, अशी पन्नास मीटरची परीक्षा पास झाले. बाईंना डबाभर शंकरपाळे दिले. तराफा डॉकपासून किती लांब असेल ते नवऱ्याला विचारलं. तो डोळे मिटून म्हणाला, "चाळीस. फार तर पंचेचाळीस." म्हणजे दोन पाढे, वर थोडे उरतील. मी वहीत तसं लिहिलं.

पण आइस्क्रीमच्या दुकानात ऑगस्टमध्येच सगळ्यात गर्दी. मुलीला आठवड्याची सुटी मिळेना. ती म्हणाली, तुम्ही जा, मी राहते. मी 'बरं' म्हटलं, पण मला वाटतं माझा चेहरा बोलला असेल. शेवटी तिने कुणाशी तरी शिफ्ट बदलून घेतल्या आणि एका दिवसासाठी यायचं कबूल केलं. सकाळी मैत्रिणीच्या गाडीतून यायचं, संध्याकाळी परत. एकच दिवस.

त्या दिवशी आभाळ आलेलं होतं. वारा होता. तळ्यावर बारीक लाटा उठत होत्या. ती साडेदहाला आली, तिने नाश्त्याला पोहे खाल्ले, आणि मला पोहण्याच्या कपड्यात बघून हातातली बशी खाली ठेवली.

"आई, यू डोन्ट हॅव टू डू इट टुडे. इट्स कोल्ड."

"मग कधी करू?"

ती आत जाऊन कपडे बदलून आली. तिने लाइफगार्डचा कोर्स केलेला आहे, त्यामुळे डॉकवर आल्याबरोबर तिचा आवाज बदलला. बाबाला कनू, म्हणजे कॉटेजची छोटी होडी, घेऊन पाच-सहा फुटांवर राहायला सांगितलं. मला म्हणाली, मी तुझ्या उजव्या हाताला असेन, हात लावणार नाही, पण असेन. नवरा कनूत बसता बसता म्हणाला, "मॅडम, वही आणली आहे का?"

"तू गप्प वल्हव."

मी शिडीवरून उतरले. पूलचं पाणी कोमट असतं. हे पाणी अंगाला लागलं तशी माझी पहिली ओळच अर्धी झाली. सतरा एके, आणि श्वास संपला. दुसऱ्यापासून सूर सापडला. पूलमध्ये तळाला काळी रेघ असते, ती बघत सरळ जायचं. इथे खाली नुसता हिरवट अंधार. लाटा तोंडावर येत होत्या, प्रत्येक हाताला मी पूलमधल्यापेक्षा निम्मीच पुढे सरकत असणार, पण ते तेव्हा कळलं नाही. सतरा दाही एकशे सत्तर झालं. हात भिंत शोधत पुढे गेला आणि पाण्यातून नुसताच परत आला. ठीक आहे. अठरा एके अठरा, अठरा दुणे छत्तीस. अठरा दाही एकशे ऐंशी म्हणून मी डोकं वर काढलं.

तराफा होता तिथेच होता. अजून खूप लांब.

माझ्याजवळचे दोन्ही पाढे संपले होते. आता एकोणीस. एकोणीसचा पाढा मला लहानपणापासून कच्चा. तो म्हणायची पाळी आली की मी रांगेत मागे सरकायचे आणि बाकीच्यांच्या आवाजात ओठ हलवायचे. कुणाला कधी कळलं नाही. एकोणीस सक एकशे चौदापर्यंत गेले. एकोणीस साती... एकोणीस साती किती? आकडा येईना, तसा श्वासही येईना. मी तोंड उघडलं ते पाण्यात. नाकातोंडात पाणी गेलं, पाय खाली गेले, आणि मी हात मारायला लागले. त्याला पोहणं म्हणत नाहीत.

कनूची कड माझ्या हाताजवळ आली. नवऱ्याने तिथे वल्हं आडवं धरलं होतं. "धर गं, धर. पुष्कळ झालं. मस्त आलीस."

मी बोटं उघडली. वल्हं अगदी जवळ होतं. ते धरलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं, संध्याकाळी भरीत आणि भाकरी खाऊन आम्ही यावर हसलो असतो.

"बाबा, वेट," मुलगी म्हणाली. मग माझ्या कानाशी, मराठीत, तिच्या त्या तोडक्या मराठीत, "आई, पाठीवर. पाठीवर हो. काही म्हणू नको. फक्त हो."

मी पाठीवर झाले. कान पाण्यात गेले आणि सगळं शांत झालं. वर राखाडी आभाळ होतं. छाती धडधडत होती ती मला आतून ऐकू येत होती. मोजायला काही नव्हतं. श्वास आपला आपण येत होता, जात होता. किती वेळ गेला मला माहीत नाही. बाजूला बघितलं तर तीही पाठीवर पडली होती, आभाळाकडे बघत, जसं काही आम्हाला कुठे जायचंच नाही. नवऱ्याने वल्हं आत घेतलं होतं.

मग मी पाठीवरच पाय मारायला लागले. मांडीतून. ती पुढे बघून वाट सांगत होती, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मध्येच डोक्याला काहीतरी टक्कन लागलं. तराफा.

शिडीवरून तिने मला दंडाला धरून वर घेतलं. फळ्या खडबडीत होत्या, कडेला पक्ष्यांनी घाण केली होती. आठ वर्षं मी ही जागा लांबून पाहत होते, मला वाटायचं तिथून काहीतरी वेगळं दिसत असेल. तिथून कॉटेज दिसत होतं, डॉक दिसत होता, माझा टॉवेल दिसत होता. मी फळ्यांवर आडवी झाले आणि हसू का रडू ते न कळून खोकत राहिले. नवरा कनूतून "शाब्बास, शाब्बास" म्हणत होता. मग आम्हा दोघींना तिथे सोडून तो हळूहळू कडेकडेने वल्हवत गेला. कधी बाजूला व्हावं हे त्याला कळतं.

"भीती वाटली?" तिने विचारलं.

"खूप."

ती गुडघे जवळ घेऊन बसली. केस पिळले. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "आय डोन्ट नो एनीबडी इन हॅमिल्टन, आई. सगळे म्हणतात इट्स गोइंग टु बी अमेझिंग. व्हॉट इफ आय हेट इट?"

मार्चपासून ती हे बोलली नव्हती. याद्या केल्या, चादरी घेतल्या, रूममेटशी मेसेज करत होती, आणि हे तिच्या पोटात होतं.

या प्रश्नाला माझ्याकडे एक ठरलेली गोष्ट आहे. वडिलांनी मला जिल्ह्याच्या गावी इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर कसं सोडलं, दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये कामाची पाळी होती म्हणून ते दुपारच्या बसने कसे लगेच परतले, मी कशी रडले आणि मग कशी अभ्यासाला लागले. मुलीने ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की मी 'वडिलांनी' म्हटलं की ती डोळे फिरवते. त्या दिवशी मी तोंड उघडलं आणि ती गोष्ट सांगावीशी वाटली नाही, कारण ती पूर्ण खरी नाही. अजून कुणाला न सांगितलेला तुकडा तिला सांगितला. ताई, तुलाही हे आज इथेच कळतं आहे.

हॉस्टेलवर गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली आणि बसस्टँडवर गेले. वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. तीन दिवसांत मला एक वाक्य धड कळलं नव्हतं. ड्रॉइंगच्या तासाला सगळ्यांकडे मोठा बोर्ड आणि पट्टी होती, मला ते आणायचं असतं हेही माहीत नव्हतं. मी आमच्या गावाच्या एसटीत खिडकीशी जाऊन बसले. कंडक्टर यायच्या आधी मी मनात घरी पोचले सुद्धा.

"आणि?"

"आणि मला तुझी मावशी डोळ्यांसमोर दिसली. दार उघडताना. शाळा तिने सोडली होती, कारण घरी एकीला राहायलाच हवं होतं. मला वाटलं, ती रागावली तर चालेल. पण ती रागावणार नव्हती. ती पिशवी घेईल, पाणी देईल, आणि काही विचारणारच नाही. ते मला सोसलं नसतं. मी उतरले."

मुलगी माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"सो यू ऑलमोस्ट क्विट."

"हो."

"यू नेव्हर टोल्ड मी."

"मला वाटायचं, सांगितलं तर तुला वाटेल की परत यायची पण वाट असते."

ती हसली. मग हसू गेलं. "आणि मी बसमध्ये बसले तर? फॉर रियल. चौथ्या दिवशी."

मला जे उत्तर द्यायची सवय होती ते जिभेवर आलंच होतं. नेटाने राहायचं, दिवस जातात, होतं सगळं. खरंच होतं. माझं झालं. पण बसमधून उतरलेल्या त्या मुलीला हॉस्टेलचं फाटक पुन्हा ओलांडताना काय वाटलं होतं तेही मला माहीत होतं, आणि ते माझ्या मुलीला वाटायलाच हवं असं काही नाही.

"तर ये," मी म्हटलं. "बस दोन-अडीच तासांची. ये, जेव, झोप. मी काही विचारणार नाही असं मात्र नाही. मी खूप विचारीन. मग तुला परत जावंसं वाटलं तर मी सोडायला येईन. नाही वाटलं तर बसून बघू काय करायचं ते."

"खिचडी?"

"खिचडी, कढी, पापड."

"ओके," ती म्हणाली, आणि डोकं माझ्या ओल्या खांद्यावर टेकलं. वाऱ्याने दोघींच्या अंगावर काटा येत होता, पण उठावंसं वाटत नव्हतं.

नवरा कनू घेऊन परत आला. "पाच वाजता हिची गाडी आहे, बायांनो. चला. एक जण आत बसू शकतं."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. ती उभी राहिली, तराफ्याच्या कडेला गेली, आणि मागे वळून तिने हात पुढे केला. मी तो धरला नाही, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ती आधी उडी मारून गेली. वर येऊन तोंडावरचे केस मागे सारले, आणि पाण्यातून ओरडली, "आई, कम!"

मी नाक धरलं आणि गेले.